बंधुमंडळाचे सांगणारे दाजी

दाजी जोगळेकर कुणाच्याही घरात शिरले की आधी विजेचा मीटर बघत, माणसं नंतर. सगळी नोकरी वीज खात्यात मीटर वाचण्यात गेलेली, त्यामुळे उंबरा ओलांडताना मान आपोआप वर जायची. आकडा मनात नोंदवून झाला की मग "काय, कसं काय?" मी बँकेच्या बदलीवर बनारसला आलो आणि दुर्गाघाटाच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या, त्याच आठवड्यात ते आले. मीटर पाहिला आणि म्हणाले, "गीझर जरा कमी चालवा. इथली वायरिंग तुमच्या सांगलीसारखी नाही." मी सांगलीचा हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. घरमालकाने सांगितलं असणार. पण ते ज्या थाटात बोलले, त्यावरून मला वाटलं की हेसुद्धा त्यांनी मीटरवरच वाचलं.

चहा झाल्यावर त्यांनी मला जवळजवळ हुकूमच केला. इथे मराठी माणूस एकटा राहत नाही, रविवारी मंडळात या. बायकोमुलं सांगलीला असलेल्या माणसाला नाही म्हणायला कारण सापडत नाही, म्हणून मी गेलो.

मला वाटलं होतं गणपती, वर्गणी आणि लहान मुलांची नाटकं. बंधुमंडळ तसलं नव्हतं. काशीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या पुरुषांनी एकमेकांना भाऊ मानून चालवलेली ती जुनी संस्था. कधी काळी एक परगावचा आचारी इथे वारला आणि त्याला खांदा द्यायला गल्लीतली चार माणसं गोळा होईनात, त्या लाजेतून ती निघाली. एकदा सभासद झालं की आजारपण, लग्न, मयत, कोर्टकचेरी, कशातच एकट्याने उभं राहायचं नाही. प्रवेशाचा विधीही होता. नव्या माणसाला पाटावर बसवून प्रत्येक सभासद त्याच्या पानात एकेक पदार्थ वाढणार, आणि त्याने पानात काही टाकायचं नाही. माझ्या वेळी कारल्याची भाजी ज्यांच्याकडे होती त्यांनी मागल्या जन्मीचं वैर असल्यासारखी वाढली. दाजी शेजारी उभे राहून मी खातो की नाही हे बघत होते.

मंडळाचं मोठं कार्य वसंत पंचमीला. त्या दिवशी दुपारी, जेवणाआधी, मंडळाचा इतिहास सांगायचा. वाचायचा नाही, सांगायचा. तो कुठेही लिहिलेला नव्हता आणि लिहायचा नाही असा दंडक होता. सांगणारा एकच. तो उभा राहून सांगणार, बाकीचे जाजमावर बसून ऐकणार, आणि कुणाला काही चुकीचं वाटलं तर त्याने हात वर करून म्हणायचं, "हरकत." मग सांगणारा थांबणार. हरकत घेणाऱ्याने उभं राहून बरोबर काय ते सांगायचं. मात्र ते त्याने स्वतः पाहिलेलं असावं, नाहीतर पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. कुणी उलट बोललं नाही तर सांगणाऱ्याने दुरुस्त वाक्य मोठ्याने म्हणायचं. त्या दिवसापासून तोच इतिहास.

सांगणाऱ्याला स्वतःहून एक अक्षर बदलायची मुभा नव्हती. त्याने कुणाला हरकत शिकवायचीही नाही. आणि एकदा सांगणारा झाला की तो मरेपर्यंत सांगणारा. दाजी तरुण वयात सांगणारे झाले होते.

ते उभे राहिले की मीटर वाचणारा माणूस कुठल्या कुठे जायचा. अंगाने किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पण आवाज असा की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची. पुराचं पाणी गल्लीत चढलं ते सांगताना ते हात गुडघ्याशी धरत, मग कमरेशी, मग छातीशी, आणि पुढे बसलेली माणसं नकळत पाय वर घेत. वर्षभर तयारी चालायची. सकाळी ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर ते एकटेच बोलत उभे असायचे. एकदा एका परदेशी बाईने त्यांना साधू समजून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला आणि पुढचं वाक्य घेतलं.

हरकत हा शब्द त्यांच्या जिभेला चिकटलेला होता. लग्नात कुणी म्हणालं की मुलाकडची माणसं फार चांगली, तर दाजींचा हात वर. घरी त्यांची बायको, माईकाकू, म्हणाल्या की भाजीत मीठ बरोबर आहे, तरी हात वर. माईकाकू म्हणायच्या, "ह्यांना हरकतीशिवाय जेवण हजम होत नाही." यावरही त्यांची हरकत असे.

मंडळ रोडावत चाललं होतं. मुलं पुण्याला, नोएडाला, बंगळुरूला. जी राहिली ती आपसात हिंदीतच बोलायची. इतिहास ऐकायला बसायची ती मोबाइल मांडीत घेऊन. दाजींना ते कळत होतं, म्हणून ते कधीकधी मुद्दाम एखादी चूक करायचे. नियमात ते बसत नव्हतं, पण कोण जागं आहे हे त्यांना बघायचं असे. एका वर्षी त्यांनी पहिल्या पंगतीत कढी होती असं ठोकून दिलं. पुरुष सगळे ढिम्म. शेवटी बायकांच्या बाजूने माईकाकूंचा हात वर आला. आपल्या आजेसासूने स्वतः रांधलं होतं आणि ती आमटी होती. यावर एक गृहस्थ जागे होऊन म्हणाले की आमटी नव्हे, सार होतं. आमटी की सार यात स्वयंपाक गार झाला, पुरणपोळ्या वातड झाल्या आणि दाजींचा चेहरा नुसता फुलून आला होता.

पुण्याहून आलेल्या एका तरुणाने एकदा सुचवलं की दाजींचं सांगणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवू, पुढे दरवर्षी लावता येईल. सूचना चांगली होती, मला पटलीही होती. दाजींनी त्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"मोबाइलवर हरकत कशी घेणार, बेटा?"

मी बदलीवाला, पण मला ऐकायला आवडायचं. बँकेत दिवसभर ज्या गोष्टी ऐकाव्या लागतात त्यापुढे कुणालाही आवडलं असतं. दोन-तीन वर्षं ऐकल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गंगा गल्लीत शिरली त्या सालानंतर एक वाक्य येई: "पुढल्या वर्षी विष्णुपंत लेले यांनी प्रकृतीच्या कारणाने मंडळ सोडलं." अगदी साधं वाक्य. पण ते म्हटल्यावर दाजी थांबत. बाकी कुठे ते इतके थांबत नसत. चष्मा काढत, पंच्याने पुसत, पुन्हा लावत आणि समोर बंडूअण्णा बर्व्यांकडे बघत. बंडूअण्णा मंडळातले सर्वांत वडील. ते त्या वेळी नेमके पान लावत असायचे. चुना, कात, सुपारी, सगळं सावकाश. मग दाजी पुढचं वाक्य घेत, आणि त्या वाक्याला आवाज लागत नसे.

मी त्याबद्दल विचारलं. सांगणाऱ्याला असं विचारतात का, अशा नजरेने त्यांनी पाहिलं. काही दिवसांनी मात्र स्वतःच येऊन म्हणाले, चला, बंडूअण्णांची तबियत बरी नाही, बघून येऊ.

बंडूअण्णा अंथरुणाला खिळले होते. त्यांचा मुलगा मुकुंद, ज्याचं भांड्यांचं दुकान आहे, त्याने आम्हाला वर नेलं आणि तो पुन्हा गिऱ्हाइकाकडे गेला. दाजींनी या घरात मीटरकडे पाहिलं नाही. ते सरळ खाटेशी बसले आणि बंडूअण्णांचे पाय चेपू लागले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग दाजी म्हणाले, "अण्णा, यंदा हरकत घे."

बंडूअण्णांनी डोळे मिटले. म्हणाले की विष्णू गेला, त्याची बायको गेली, आता कुणाला काय फरक पडतो. दाजी म्हणाले, मला पडतो. दर वर्षी मला ते गलत वाक्य सगळ्यांसमोर म्हणावं लागतं, आणि ते तू घातलेलं आहेस, तूच काढ.

"मंडळाची इज्जत होती ती, दाजी," बंडूअण्णा म्हणाले. "मी हरकत घेतली म्हणून ती राहिली." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

परत येताना गल्लीत एक सांड आडवा बसला होता, त्याच्या बाजूने आम्ही अंग चोरून निघालो. मी म्हटलं, मी घेतो हरकत. विष्णुपंतांचं काय झालं ते मला सांगा, म्हणजे मी पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं होईल. दाजी हसले. बँकेतली माणसं वाट काढण्यात हुशार असतात, असं काहीसं म्हणाले. मग त्यांनी मला नियम पुन्हा समजावला. सांगणाऱ्याकडून ऐकलेलं चालत नाही. तसं चाललं असतं तर प्रत्येक सांगणाऱ्याने आपल्या मनासारखा इतिहास करून घेतला असता. मला राग आला. मी म्हटलं, नियम कुणी बनवला, माणसांनीच ना? ते पुढे चालत राहिले. त्या वेळी मला ते हट्टी वाटले, आणि खरं सांगायचं तर थोडे भित्रेही वाटले.

बंडूअण्णा त्या पावसाळ्यात गेले. मंडळाने खांदा दिला, दाजी सगळ्यात पुढे होते. जे घडलं ते पाहिलेला माणूस आता दाजींखेरीज उरला नाही, आणि दाजी सांगणारे. म्हणजे ते वाक्य कायमचं झालं. पुढल्या वसंत पंचमीला त्यांनी ते म्हटलं, सवयीने चष्मा काढला आणि पुसायचं विसरून तसाच हातात धरून राहिले. समोर बंडूअण्णांच्या जागी मुकुंद बसला होता. तो मोबाइल बघत होता.

त्यानंतरच्या दिवाळीत दाजींनी सभेत सांगितलं की ते सांगणं सोडत आहेत.

एकच गोंधळ झाला. सांगणारा जिवंतपणी बदललेला कुणी ऐकला नव्हता. कुणी डॉक्टरचं नाव विचारलं. कुणी माईकाकूंना बाजूला घेऊन विसरायला लागलेत का म्हणून चौकशी केली. त्या म्हणाल्या, "विसरतात कुठे? माझ्या माहेरच्यांनी लग्नात काय दिलं नाही तेसुद्धा याद आहे." दाजी एवढंच म्हणाले की दंडकात मरेपर्यंत आहे, पण सभेने एकमताने सोडलं तर सोडता येतं. मग त्यांनी माझं नाव घेतलं. एका बदलीवाल्याचं. मी घाबरून नको म्हणालो. ते म्हणाले, इथली पोरं पाच मिनिटांत हिंदीवर जातील, हे निदान मराठीत तरी चुकतील. सभेत हशा झाला आणि हशातच ठराव झाला.

सगळी थंडी त्यांनी मला शिकवलं. दुपारी गच्चीवर ऊन खात, समोर मातीच्या कुल्हडात मलइयो, इथला थंडीतला दुधाचा गोड फेस. एक एक वाक्य ते म्हणत, मी मागून म्हणायचं. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. पुराच्या पाण्याला हात कुठे धरायचा तेही शिकवलं. शिकवता शिकवता ते मध्येच हरवायचे. उभे राहायचे, आपणच सांगू लागायचे, खालच्या गच्चीवरच्या बायका पापड वाळत घालायच्या थांबून ऐकायच्या. त्या आवाजात काही कमी झालेलं नव्हतं. मग भानावर येऊन खाली बसायचे आणि म्हणायचे, हं, तुम्ही म्हणा. त्यांना हे सोडताना काय होत होतं ते दिसत होतं. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

विष्णुपंतांच्या वाक्याशी आलो तेव्हा मी थांबलो. म्हटलं, खोटं आहे हे मला माहीत आहे, मी कसं म्हणू? दाजी म्हणाले, जसं आहे तसं म्हणायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि म्हणून झाल्यावर जरा थांबायचं.

वसंत पंचमीला मी नवं धोतर नेसून उभा राहिलो. धोतर सुटेल ही काळजी इतिहासाच्या काळजीपेक्षा मोठी होती. दाजी भिंतीशी, जाजमाच्या कडेला बसले होते, इतर सभासदांच्या ओळीत. इतक्या वर्षांत त्यांना तिथे बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सुरुवात बरी झाली. आचारी मेला, मंडळ निघालं, पहिल्या पंगतीत आमटी झाली आणि सार म्हणणाऱ्या गृहस्थांनी फक्त घसा खाकरला. पूर आला. मी हात गुडघ्याशी, कमरेशी, छातीशी धरला. "नावेतून मंडळाच्या सगळ्या घरांना सुखरूप बाहेर काढण्यात आलं." मग ते वाक्य. "पुढल्या वर्षी विष्णुपंत लेले यांनी प्रकृतीच्या कारणाने मंडळ सोडलं."

मी थांबलो.

"हरकत," दाजी म्हणाले.

भिंतीचा आधार घेत ते उठले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सांगणाऱ्याला बोलता येत नव्हतं, जाजमावर बसलेल्याला येत होतं. या एका शब्दासाठी त्यांनी आपलं सांगणं माझ्या हवाली केलं होतं.

"मी पाहिलेलं सांगतो," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "पुरात नाव होती ती रामधनी मल्लाहाची, घाटावरच्या नावाड्याची. त्याने तीन दिवस मंडळाच्या घरांना काढलं, त्याचं स्वतःचं घर गेलं. पुढच्या वसंत पंचमीला विष्णुपंतांनी त्याला हात धरून वर आणलं आणि पंगतीत आपल्या शेजारी पाटावर बसवलं. म्हणाले, हा आपला भाऊ. सगळे पानावरून उठले. माझे वडील आधी उठले. विष्णुपंतांना सांगितलं, याला उठवा, नाहीतर तुम्ही उठा. ते रामधनीला घेऊन जिना उतरले. नंतर त्यांना निरोप गेला की येऊ नका. मी तेव्हा पंगतीत मीठ वाढत होतो. सगळे परत बसले, आणि मी वाढत राहिलो."

मुकुंदने मोबाइल खाली ठेवला होता. तो म्हणाला, "दाजी, आता रहने द्या ना. सगळे तर गेले."

"मी आहे," दाजी म्हणाले. "वडील होते तोवर माझं तोंड उघडलं नाही. ते गेले आणि लगेच मंडळाने मला सांगणारा केलं. मग बोलता येईना. आणि सांगणं मला आवडत होतं, मुकुंद. ते सोडवत नव्हतं. तेही खरं आहे."

आता काम माझं होतं. मी विचारलं, कुणाची उलट हरकत आहे का? विचारताना मी मुकुंदकडे बघितलं नाही, पण बाकी सगळे बघत होते. त्याच्या वडिलांचं वाक्य होतं ते. तो बराच वेळ जाजमाचा एक निघालेला धागा ओढत बसला. बायकांच्या बाजूला कुणाची तरी बांगडी वाजली. मुकुंदने मान हलवली. नाही म्हणून.

मग मी दुरुस्त वाक्य म्हटलं. शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे अडखळलो. "रामधनी मल्लाहाने आपल्या नावेतून मंडळाच्या सगळ्या घरांना सुखरूप बाहेर काढलं. विष्णुपंत लेले यांनी त्याला भाऊ म्हणून पंगतीत बसवलं, म्हणून मंडळाने त्या दोघांना बाहेर घालवलं." दाजी उभ्यानेच ऐकत होते. माझं म्हणून झालं तेव्हा त्यांनी ओठ हलवून ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. मग खाली बसले.

"पुढे सांगा," ते म्हणाले.

पुढे अजून बराच इतिहास होता. नवी खोली घेतली, भांडी केली, एका सभासदाच्या मुलीचं लग्न मंडळाने कसं लावून दिलं. मी पार गडबडून गेलो होतो. खोली आधी आणि भांडी नंतर, याच्या उलट सांगून बसलो. चूक ध्यानात आल्यावर मी जीभ चावली आणि दाजींकडे पाहिलं, हात वर येणार म्हणून. सगळ्यांनीच पाहिलं.

दाजी झोपले होते. डोकं भिंतीला टेकलेलं, चष्मा नाकावरून घसरलेला, तोंड किंचित उघडं. माईकाकू पलीकडून बघत होत्या. त्यांनी मला नुसतं डोळ्यांनी सांगितलं, उठवू नका.

मी आवाज थोडा खाली घेतला आणि पुढे सांगत राहिलो.